ठिपका हलतोय

डोंगरातल्या शर्यतीत प्रत्येकाच्या पाठीला ट्रॅकर बांधायचा, ही कल्पना ताईची. आणि तिच्यावरून पहिलं भांडण झालं ते घरातच, सख्ख्या धाकट्या बहिणीशी.

धाकटीला सगळे भिंगरी म्हणत. लहानपणापासून तिचा पाय कधी एका जागी ठरला नव्हता. आई गेली तेव्हा भिंगरी शाळेत होती आणि ताई नुकती कुठे रुग्णवाहिकेच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायच्या नोकरीला लागली होती. त्या दिवसापासून भिंगरीची वेणी, डबा, ताप, परीक्षा, सगळं ताईच्या गळ्यात आलं. लग्नाचा विषय ताईने टाळला, परत टाळला, मग कुणी काढेनासंच झालं. भिंगरी मोठी झाली, पोहण्याच्या तलावावर मुलांना शिकवायला लागली आणि उरलेला सगळा वेळ डोंगरात पळायला लागली. ती दार ओढून बाहेर पडली की परत जिन्यावर तिची पावलं वाजेपर्यंत ताईचा जीव टांगणीला लागलेला असे. ताईने हे कधी बोलून दाखवलं नव्हतं. न बोलताही भिंगरीला ते माहीत होतं, आणि नेमका त्याचाच तिला जाच होई.

शर्यत भरवायचे ते मास्तर. शाळेत खेळ शिकवायचे. त्यांच्या शर्यतीला आखलेली वाट नव्हती. डोंगरात ठिकठिकाणी चौक्या असत, प्रत्येक चौकीवर हजेरी लावायची, आणि एका चौकीवरून दुसरीवर कुठून जायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. कुणी डोंगराची धार धरून लांबून जाई, कुणी ओढ्यात उतरून पलीकडे चढे, कुणी घसाऱ्याच्या सुट्या दगडांवरून बसत-घसरत खाली येई. "पाय काय, सगळ्यांनाच असतात," मास्तर म्हणत. "डोंगर वाचता येतो का, ते बघायचंय मला."

आदल्या वर्षी एक जण धुक्यात भलत्याच खोऱ्यात उतरला होता आणि दुसऱ्या दिवशी मेंढ्यांच्या गोठ्यात झोपलेला सापडला होता. त्याने ती हकीकत हसत हसत सांगितली, ऐकणारेही हसले. ताई मात्र तडक मास्तरांकडे गेली आणि ट्रॅकरचं बोलली. मास्तरांना ते पटलं.

"गुरांच्या गळ्यात घंटा बांधतात तशी आमच्या पाठीवर ही डबी," भिंगरी घरी येऊन म्हणाली.

"बांधू दे की. घंटा असली की गुरं सापडतात तरी."

"सापडायला हरवलंय कोण, ताई? आज डबी, उद्या वाटेवर झेंडे, परवा दोन्हीकडून दोर. मग डोंगरात कशाला जायचं? शाळेच्या मैदानाला चकरा मारू."

"झेंडे लावा असं मी म्हणालेय का?"

"तू म्हणणार नाहीस. तुझ्या डबीमुळे दुसरं कुणीतरी म्हणेल."

शेवटी मास्तरांनी दोघींना समोर बसवून मधला मार्ग काढला. ट्रॅकर सगळ्यांना सक्तीचा, पण तो फक्त जिवासाठी. धावणारे कुठे आहेत ते त्या घडीला फक्त नियंत्रण खोलीत दिसेल. बाहेर नातेवाइकांसाठी लावलेल्या पडद्यावर तेच बरंच मागाहून दिसेल, म्हणजे कुणी फोन करून कुणाला वाट सांगायला नको. खोलीतूनही कुणी 'डावीकडे जा', 'उजवीकडे जा' असं कळवायचं नाही. डबीवर एक बटण असेल. ते दाबलं की ठिपका लाल होईल. आणि लाल झाला की आधी तिकडे माणसं जातील, बाकी सगळं नंतर.

"आणि खोलीत बसेल कोण?" भिंगरीने विचारलं, आणि उत्तर माहीत असल्यासारखी ताईकडे बघून हसली.

शर्यतीच्या दिवशी नियंत्रण खोली म्हणून शाळेचा चित्रकलेचा वर्ग मिळाला. भिंतीभर मुलांनी काढलेली चित्रं, वाळलेल्या रंगांचा वास, आणि गुडघे पोटात घेऊन बसावं लागेल असली बाकं. त्यातल्याच एकावर ताई स्क्रीनसमोर बसली. शेजारी वॉकीटॉकी, पाण्याची बाटली, आणि दाराकडच्या टेबलाशी पोहोचणाऱ्यांच्या वेळा टिपणारी गावातल्या पेढीवरली कारकून बाई. मास्तर आत-बाहेर करत होते.

सकाळ चांगली गेली. ठिपके मुंग्यांसारखे डोंगर चढत होते. दोन ठिपके लाल झाले, पण दोन्ही खोटे निघाले. पाठपिशवी आवळताना बटण दाबलं गेलं होतं, आणि पुढच्या चौकीवर ती माणसं धडधाकट हजर झाली. मास्तरांनी कपाळावर हात मारला. "पुढल्या वर्षी बटण झाकायचं काहीतरी बघू," असं म्हणून ते चहा प्यायला गेले.

दुपारी धुकं उतरलं. खिडकीतून दिसणारा डोंगर आधी वरून, मग कमरेपासून पुसला गेला. एकाचा घोटा मुरगळला म्हणून मदतीच्या दोन तुकड्यांपैकी एक त्याला घेऊन खाली निघाली. दुसरी वरच्या खिंडीत थांबली होती. चौघं जण, आणि त्यांचा म्होरक्या म्हणजे दोरवाला. डोंगरात जाताना खांद्यावर दोराचं वेटोळं नसलेला तो कुणी पाहिला नव्हता, म्हणून ते नाव.

ताईची नजर सगळ्या ठिपक्यांवरून फिरे आणि परत एकावर येई. भिंगरीने नेहमीप्रमाणे कुणी न घेतलेली वाट घेतली होती. सुळक्याखाली काळ्या कातळाची एक उभी भिंत होती. बाकीचे तिला वळसा घालून जात, ही सरळ तिच्या अंगावर चढली होती. प्रत्येक ठिपक्याशेजारी उंचीचा आकडा असे. भिंगरीचा आकडा हळूहळू वाढत होता. ताई त्या आकड्याबरोबर श्वास घेत होती म्हटलं तरी चालेल.

मग तो आकडा एकदम पडला.

ठिपका भिंतीच्या पायथ्याशी आला आणि तिथेच थांबला. ताईने स्क्रीन ताजा केला, परत केला. आकडा तोच. ठिपका तिथेच. लाल नव्हता. पण वरून कोसळलेलं माणूस बटण कसं दाबणार?

ती वॉकीटॉकी उचलणार तेवढ्यात धारेच्या पलीकडे, खोल घळीत, दुसरा एक ठिपका लाल झाला.

तो पाववाल्याचा होता. बाजारात त्याची बेकरी होती. पहाटे भट्टी पेटवून, पाव दुकानांत पोहोचते करून मग पळायला जाणारा माणूस. अर्ध्या गावाला तो दादा होता. ताईकडचा सकाळचा पावही त्याच्याकडूनच येई.

ताई बघत राहिली. लाल ठिपका इंचभर सरकला, परत आला, दुसरीकडे सरकला, परत आला. अशा खोल घळीत खडकांवर आपटून संदेश भरकटतात आणि पडून राहिलेला ट्रॅकरसुद्धा भटकताना दिसतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. चाचणीच्या वेळी तिनेच एक ट्रॅकर घळीत ठेवायला लावून मास्तरांना हे दाखवलं होतं. मास्तरांनी तेव्हा मान डोलावली होती. यंत्रातलं त्यांना फारसं कळत नसे, आणि ताईवर त्यांचा डोळे मिटून विश्वास होता.

मास्तर आत आले. "लाल कोण?"

"पाववाले."

"घळीत?" ते वाकून बघायला लागले. "मग पाठवू दोरवाल्याला?"

खिंडीतून घळ एकीकडे, सुळका दुसरीकडे. ताईच्या तोंडून शब्द निघाले ते इतके सरळ निघाले की तिचं तिलाच नंतर आश्चर्य वाटलं.

"ठिपका हलतोय, मास्तर. चालतायत ते. सकाळसारखंच बटण दाबलं गेलं असणार." मग ती म्हणाली, "भिंगरी मात्र पडलीय. भिंतीवरून. हलत नाहीये."

मास्तरांनी तिच्याकडे बघितलं. त्यांनी भिंगरीला लहानपणी शाळेच्या मैदानावर पळायला शिकवलं होतं. चेहरा त्यांचाही उतरला.

"पाववाल्याचं नक्की ना?"

"नक्की."

मास्तरांनी दोरवाल्याला सुळक्याकडे पाठवलं.

ताईने नोकरीत इतकी वर्षं काढली होती. फोनवर कुणी रडो, शिव्या देवो, ओळखीचा आवाज असो की परका, गाडी कुणाकडे आधी जाणार ते ती थंड डोक्याने सांगत आली होती. नव्या मुलींना ती शिकवायची की आपल्याला फक्त पत्ता ऐकू येतो, माणूस ऐकू येत नाही. आणि आता तिला सगळा डोंगर सोडून एकच माणूस दिसत होतं. लाल ठिपक्यावर नजर गेली की ती स्वतःला म्हणे, असेल, खरंच चालतही असेल. धुक्यात वाट शोधत असेल. सकाळचे दोन्ही खोटे निघाले की नाही? ती हे मनाशी इतक्यांदा घोळवत राहिली की तिला ते जवळजवळ खरं वाटायला लागलं. पूर्ण खरं मात्र वाटेना.

दाराशी कुणीतरी उभं राहिलं. पाववाल्याची बायको. हातात कोरड्या कपड्यांची पिशवी.

"आत येऊ नये म्हणतात, माहितेय मला," ती संकोचून म्हणाली. "एवढंच विचारायचं होतं. बाहेरच्या पडद्यावर हे अजून धारेवरच पळताना दिसतायत. तो पडदा मागे असतो ना? म्हणजे आता खरं तर जवळ आले असतील ना हे?"

ताईचा तळहात नकळत स्क्रीनवर गेला, त्या लाल ठिपक्यावर. दारातून तसंही काही दिसणार नव्हतं.

"धुकं आहे, वहिनी," ती म्हणाली. "जरा उशीर होईल. तुम्ही बाहेर बसा, चहा घ्या."

"पळताना यांना वेळेचं भानच राहत नाही," वहिनी हसून म्हणाली आणि गेली.

त्यानंतर वॉकीटॉकी खरखरेपर्यंतचा वेळ ताईने कसा काढला ते तिलाच माहीत. दोरवाल्याचा आवाज धापा टाकत आला.

"ताई, ट्रॅकर सापडला."

"भिंगरी?"

"नुसता ट्रॅकर. भिंतीच्या बुडाशी, दगडात. पट्टा तुटलाय. ती नाहीये इथे."

"रक्त? काही सांडलंय?"

"काही नाही. हाका मारल्या, उत्तर नाही."

ताईला दिसलं ते असं, की भिंगरी भिंतीवरून पडली, डबी दगडात अडकली, आणि ती स्वतः घसाऱ्यावरून आणखी खाली, कुठे धुक्यात. "खाली बघा," ती म्हणाली. "घसाऱ्यावर. शेवटपर्यंत उतरून बघा."

"ताई, वरून पडल्याची काही खूणच नाही. मला वाटतं ती वर चढून गेली आणि पट्टा—"

"खाली बघा म्हणते ना मी."

ते खाली उतरले. घसारा मोठा होता, प्रत्येक पावलाला दगड निसटत होते, आणि धुक्यात हातभर पुढचं दिसत नव्हतं. ताई वॉकीटॉकी कानाला लावून दगडांचा आवाज ऐकत राहिली. मास्तर तिच्या मागे उभे होते.

तेवढ्यात घळीतला लाल ठिपका विझला. साधा झाला. आणि थोड्या वेळाने परत लाल झाला. परत विझला. परत लाल.

लाल झालेला ठिपका साधा करायचा तर बटण बराच वेळ दाबून धरावं लागतं. पिशवीत आवळून ते होत नाही. कुणीतरी तिथे बसून, बोट ठेवून, मुद्दाम ते करत होतं. विझव, पेटव. विझव, पेटव. इकडे कुणी बघतंय की नाही, असं विचारत असल्यासारखं.

ताईला ते बघवेना. ती बाकावरून उठली तर गुडघे बाकाला अडकले आणि पाण्याची बाटली आडवी झाली.

"मास्तर," ती म्हणाली, "पाववाल्याचा ठिपका हलत नव्हता. घळीत तसं दिसतं. मला माहीत होतं. मघाशीच माणसं पाठवायला हवी होती."

कारकून बाईचं लिहिणं थांबलं. मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ताईच्या हातातून वॉकीटॉकी काढून घेतली.

"घसारा सोडा," ते दोरवाल्याला म्हणाले. "घळीत जा. जितकं पळता येईल तितकं पळा."

घोटा मुरगळलेल्याला खाली सोडून पहिली तुकडी नुकतीच परतली होती. ती स्ट्रेचर घेऊन परत निघाली तेव्हा ताईने कारकून बाईला स्क्रीनसमोर बसवलं आणि स्वतः त्यांच्यामागे चालू लागली. तिला कुणी नको म्हटलं नाही. डोंगर चढायची सवय नसलेलं तिचं शरीर थोड्याच वेळात कुरकुरायला लागलं, छातीत कळा यायला लागल्या, पण ती थांबली नाही. पाय टाकेल तिथे ओल, समोर नुसतं पांढरं. भिंगरी मेली असेल, असं एका पावलाला वाटे. दुसऱ्या पावलाला वाटे, पाववाला मेला असेल. आणि दोघांतलं एकच माग असं कुणी म्हटलं, तर आपण आत्ताही काय मागू ते तिला ठाऊक होतं. त्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटत होती.

घळीच्या तोंडाशी दोर खाली सोडलेला दिसला. चौघांपैकी दोघं वर उभे होते. ते ताईकडे बघेनात.

"भिंगरी खाली आहे," त्यांतला एक म्हणाला. "धडधाकट आहे."

ताई मटकन खाली बसली. तिला रडू फुटलं, आणि ते आनंदाचं होतं हे तिथल्या सगळ्यांना कळलं, कारण त्या माणसाने पुढचं वाक्य बोलायला बराच वेळ घेतला.

"दादा गेले. आम्ही पोहोचायच्या जरा आधी."

घडलं होतं ते असं. भिंगरी भिंत चढून वर आली तेव्हा पट्टा कातळाच्या कंगोऱ्याला अडकून तुटला आणि ट्रॅकर खाली गेला. तो आणायला परत उतरावं का, असा विचार करत असतानाच तिला धारेपलीकडून शिट्टी ऐकू आली. तिने आपली वाट सोडली, धार ओलांडली आणि आवाजाच्या रोखाने घळीत उतरली. पाववाला दगडांत पडला होता. मांडीचं हाड मोडलं होतं, कमरेखाली सगळं सुजत चाललं होतं, पण शुद्ध होती. बोलत होता. बटण त्याने केव्हाच दाबलं होतं. "लाल लागलाय बघ," तो तिला म्हणाला. "आता येतीलच. तुझी ताई बसलीय ना तिथे." उद्याच्या भट्टीचं कोण बघणार याची त्याला काळजी होती. भिंगरीने आपलं जाकीट त्याच्या अंगावर घातलं, त्याचे हात आपल्या काखेत धरून ऊब दिली. मागे सोडून मदत आणायला जावं तर तो हात सोडेना. मग बोलणं तुटक झालं, मग थांबलं. तेव्हापासून ती त्याच्या ट्रॅकरचं बटण दाबत बसली होती.

तिला वर काढलं तेव्हा तिचे ओठ काळेनिळे पडले होते. ताईने तिला जवळ घ्यायला हात पुढे केले. भिंगरी तिच्या अंगावर कोसळली, लहानपणी ताप आल्यावर कोसळायची तशीच.

"किती वेळा दाबलं मी, ताई," ती म्हणाली. "किती वेळा. कुणी येईचना. इतका वेळ का लागला?"

ताईने तिची पाठ थोपटली. उत्तर तिच्या ओठांवर होतं, पण तिने ते गिळलं.

मास्तरांनी शर्यतीच्या समितीला अहवाल लिहून दिला. त्यात लिहिलं होतं की घळीत ट्रॅकरचा ठिपका भरकटला आणि त्यामुळे नियंत्रण खोलीची दिशाभूल झाली. कारकून बाईनेही तोंडातून अक्षर काढलं नाही. मास्तर ताईला शाळेच्या व्हरांड्यात भेटले आणि हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही जन्मभर माणसं वाचवलीत. एका दुपारपायी मी तुम्हाला सुळावर चढवणार नाही. यंत्रावर जाऊ दे." ताईने मान हलवली. तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची शरमही.

पण यंत्रावर गेलेलं तिथे थांबलं नाही. समितीतल्या लोकांचं म्हणणं पडलं की यंत्रावर भरवसा ठेवता येत नसेल, तर माणसांना मोकळं सोडणंच चूक. पाववाला वाटेवरून गेला असता तर घळीत पडलाच नसता. तेव्हा पुढल्या वर्षीपासून एकच वाट, तिच्यावर झेंडे, अवघड जागी दोर, आणि वाट सोडणारा बाद. निर्णय समितीच्या सभेत व्हायचा होता, पण झाल्यातच जमा होता.

भिंगरीला ताईने ते सांगितलं. भांडेल, भडकेल असं तिला वाटलं होतं. भिंगरी भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"लावू देत झेंडे," ती म्हणाली. "माझी डबी धड आवळलेली नव्हती. मी भिंतीवर गेले नसते तर ती पडलीच नसती. त्या चौघांना माझ्यामागे धावावं लागलं नसतं. माझ्यापायीच झालं सगळं."

ती जेवत नव्हती, तलावावर जात नव्हती. जिन्यावर तिची पावलं वाजत नव्हती, कारण ती बाहेरच पडत नव्हती. ताईला वर्षानुवर्षं जे हवं होतं तेच झालं होतं. बहीण घरात होती, समोर होती, दिसत होती. आणि तिच्याकडे बघताना ताईला गुदमरल्यासारखं होई.

सभेच्या दिवशी सकाळी ताई आधी बेकरीत गेली. वहिनी कणीक मळणाऱ्या यंत्रापाशी उभी होती. भट्टी पेटलेली होती. नवरा गेला तरी भट्टी बंद ठेवून चालणार नव्हतं. ताईने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मध्ये कुठे थांबली नाही, कारण थांबली असती तर पुढचं बोलवलं नसतं.

वहिनीने यंत्र बंद केलं.

"मी दारात आले होते," ती म्हणाली. "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मला चहा घ्यायला सांगितलंत तुम्ही."

"हो."

वहिनीच्या हातांना कोपरापर्यंत पीठ लागलं होतं. ते हात तिने पुढे धरले होते, जणू कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं. "डॉक्टर म्हणाले, लवकर वर काढलं असतं तर वाचले असते की नाही, सांगता येत नाही. मी रोज तेच धरून बसलेय. सांगता येत नाही. आता मी काय धरू?"

ताईने एक पाऊल पुढे टाकलं.

"जा तुम्ही," वहिनी म्हणाली. "मला कामं आहेत."

सभा शिक्षकांच्या खोलीत भरली. झेंड्यांचा ठराव वाचून झाला आणि कुणाला काही बोलायचंय का असं विचारलं, तेव्हा ताई उठली. भिंगरी मागच्या खुर्चीवर बसली होती; तिला मास्तरांनी बळेच आणलं होतं. ताईने समितीला सांगितलं की ट्रॅकर बरोबर होता. लाल ठिपका वेळेवर लागला होता आणि तो हलत नव्हता हे तिला कळलं होतं. वाट मोकळी होती म्हणूनच भिंगरीला आपली वाट सोडून घळीत उतरता आलं, आणि दादा एकटे गेले नाहीत. चूक डोंगराची नाही, यंत्राची नाही. "मी खोटं बोलले," ती म्हणाली. "मला माझी बहीण हवी होती."

मास्तर डोळ्यांवर हात ठेवून बसले होते. मग कोपऱ्यातून दोरवाला बोलला. आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं.

"आम्ही चौघं होतो, ताई. दोन्हीकडचं खरं सांगितलं असतंत, तर दोघं तिकडे गेलो असतो, दोघं इकडे."

हे ताईच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दुपारी नाही, नंतर इतक्या दिवसांतही नाही. ती उभी होती ती खुर्चीच्या पाठीला धरून तशीच राहिली.

झेंड्यांचा ठराव बारगळला. घरचं माणूस धावत असेल त्याने स्क्रीनसमोर बसायचं नाही, असा नवा नियम झाला. ताईने नोकरीच्या ठिकाणीही स्वतः होऊन सगळं कळवलं. तिला फोनवरून काढून सामानाच्या कोठारात बसवलं. ती तक्रार न करता तिथे जायला लागली. वहिनीने बेकरी चालू ठेवली. ताईच्या घरी पाव यायचा मात्र बंद झाला, आणि ताई त्या गल्लीतून जाईनाशी झाली.

सभेनंतर बरेच दिवस भिंगरी कामापुरतंच बोले. तलावावर जायला लागली, जेवायला लागली. मग एका दुपारी तिने पलंगाखालची बॅग ओढली आणि कपडे भरायला घेतले. ताई दारात उभी राहिली.

"माझ्यावर राग आहे म्हणून चाललीस?"

"राग आहेच," भिंगरी म्हणाली. ती बूट कागदात गुंडाळत होती. "पण त्यासाठी नाही. तू माझ्यासाठी दुसऱ्या माणसाला सोडलंस, ताई. हे माझ्या पाठीवर बांधून मला जगायचंय. या घरात बसून नाही जमणार ते."

"कुठे राहशील?"

भिंगरीने बॅगेची चेन लावली. ती ताईजवळ आली आणि कपाळ तिच्या खांद्याला टेकवून थोडा वेळ उभी राहिली.

"फोन केलास तर उचलेन मी. प्रत्येक वेळी उचलेन," ती म्हणाली. "पण मी कुठे आहे, ते विचारायचं नाही."

ताईला हो म्हणायला जड गेलं. ती हो म्हणाली.

जिन्यावर पावलं वाजली, खाली दाराची कडी वाजली. ताई सवयीने खिडकीकडे गेली. रस्ता पुढे चौकात जाऊन मिळत होता आणि भिंगरी बॅग या हातातून त्या हातात घेत चौकाच्या जवळ पोहोचली होती. ती कुठल्या बाजूला वळते ते दिसायच्या आत ताईने खिडकी सोडली. ती आत येऊन भिंगरीच्या रिकाम्या पलंगावर बसली, आणि हात घट्ट एकमेकांत धरून तशीच बसून राहिली.